मोफत व्हिडिओ प्लेअर निवडताना: आधी फाइल ओळखा, मग प्लेअर ठरवा

व्हिडिओ अडखळला की बहुतेक जण लगेच दुसरा प्लेअर उतरवून घेतात. तोही अडखळला की तिसरा. महिन्याभरात कॉम्प्युटरवर चार प्लेअर साठतात, एखाद्याबरोबर नको असलेला टूलबार येतो आणि व्हिडिओ मात्र होता तिथंच रखडलेला. याचं कारण साधं आहे. फाइल कोणत्या पद्धतीनं आवळून बांधली आहे आणि ती उलगडायचं काम तुमच्या मशिनमधला कुठला भाग करतोय, यावर जवळपास सगळं ठरतं. प्लेअरचा नंबर त्यानंतर.

म्हणून सुरुवात फाइलपासून करा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही फक्त डब्यांची नावं आहेत. डब्याच्या आत चित्राचा एक पदर असतो, आवाजाचे एक किंवा जास्त, आणि कधी सबटायटल्सचेही. चित्राचा पदर ज्या पद्धतीनं आवळलेला असतो ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४ हा २००३ पासूनचा आणि सगळीकडे चालणारा. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हा २०१३ चा. नवे फोन आणि ४के फाइल यांच्यात तो सर्रास सापडतो. एव्ही१ हा २०१८ चा. डबा एकच असून आतला माल वेगळा असू शकतो, त्यामुळे ‘एमपी४ चालते पण ही एमपी४ चालत नाही’ ही तक्रार खरी असते आणि तिचं उत्तर कोडेकमध्ये असतं.

फाइलमध्ये काय आहे ते पाहायला व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती लावा आणि कंट्रोल व जे एकत्र दाबा. ‘कोडेक’ या पानावर चित्राचा कोडेक, रिझोल्यूशन आणि दर सेकंदाच्या फ्रेम दिसतात. फाइल ८ बिटची की १० बिटची, म्हणजे रंगांच्या छटा किती बारकाईनं नोंदल्या आहेत, हे स्पष्ट हवं असेल तर मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन घ्या आणि त्यात ‘बिट डेप्थ’ची ओळ वाचा. ही एक ओळ पुढचा बराच त्रास वाचवते.

आता मशिन. चित्र उलगडण्यासाठी ग्राफिक्सच्या चिपमध्ये स्वतंत्र जागा राखलेली असते. कोडेक तिच्या ओळखीचा असला की मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा राहतो, पंखा शांत असतो आणि बॅटरी टिकते. ओळखीचा नसला की सगळा भार प्रोसेसरवर येतो. साधा ८ बिटचा एच.२६४ गेल्या दहा-बारा वर्षांतलं कुठलंही मशिन सहज पेलतं. एचईव्हीसीसाठी इंटेलची निदान सहावी पिढी लागते, आणि १० बिटच्या एचईव्हीसीसाठी सातवी. एव्ही१ ची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासून आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आली, दोन्ही २०२० मधली. पिढी ओळखायची ती प्रोसेसरच्या नावातल्या आकड्यावरून: आय५-४३०० मध्ये पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी, आय५-११३५ मध्ये पहिले दोन ११, म्हणजे अकरावी.

सेकंडहँड बाजारात चौथ्या-पाचव्या पिढीचे लॅपटॉप भरपूर फिरतात आणि रोजच्या कामाला ते उत्तम असतात. पण त्यांच्यावर ४के, १० बिट एचईव्हीसी फाइल सुरळीत चालवून देणारा प्लेअर कुणीही बनवलेला नाही. तिथं एकच उपाय: त्याच व्हिडिओची १०८०पी, एच.२६४ मधली आवृत्ती मिळवा, किंवा हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमनं स्वतः तयार करा. जुन्या मशिनवर दोन तासांच्या फाइलला कित्येक तास लागतात, तेव्हा हे काम रात्री लावून ठेवा आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवा. एव्ही१ बाबत परिस्थिती जरा बरी आहे. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या ‘डेव्हिड’ नावाच्या डिकोडरमुळे, म्हणजे कोडेक उलगडणाऱ्या प्रोग्रॅममुळे, चिपची मदत नसतानाही १०८०पी एव्ही१ बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर चालून जातो.

चिपची मदत खरंच मिळतेय का, ते एका मिनिटात कळतं. व्हिडिओ चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर क्लिक करा आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो हलत असेल आणि सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांत असेल तर सगळं जागेवर आहे. आलेख शून्यावर आणि सीपीयू नव्वदीत, तर मदत मिळत नाहीये. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘इनपुट/कोडेक्स’ इथं ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ असतं, ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. उलटही घडतं, तेही लक्षात असू द्या. चित्रात हिरवे पट्टे येत असतील किंवा आवाज येऊन पडदा काळाच राहत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर गडबड करतोय. तेव्हा हीच सेटिंग ‘डिसेबल’ करून फरक पडतो का ते पाहा, आणि पडला तर ड्रायव्हर नवा घाला. सेटिंग बदलल्यावर ‘सेव्ह’ दाबून प्लेअर बंद करून पुन्हा उघडायचा.

कोणाला कोणता

घरात चार माणसं एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर व्हीएलसी घ्या. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे काम सुरू झालं, २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला आणि आजही त्यात जाहिरात नाही. रस्त्यावरचा नारिंगी शंकू ही त्याची खूण. लागणारे कोडेक तो स्वतःबरोबर घेऊन येतो, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो आणि अर्धवट उतरलेल्या किंवा थोड्या बिघडलेल्या फाइलमधूनही जमेल तेवढं दाखवतो. त्याचं कच्चं अंगही सांगायला हवं. काही फाइलमध्ये पुढे-मागे उडी मारली की क्षणभर करडं, चौकोनी तुकड्यांचं चित्र येतं, आणि एचडीआर, म्हणजे उजळ-गडद छटांचा जास्त मोठा पल्ला असलेला व्हिडिओ, साध्या पडद्यावर कधीकधी फिकट दिसतो.

विंडोजवर एकटेच वापरत असाल, मशिन जुनं असेल आणि पटकन उघडणारा प्लेअर हवा असेल तर एमपीसी-एचसी चांगला. मूळ चमूनं २०१७ मध्ये त्याचं काम थांबवलं, पण पुढे दुसऱ्या विकासकानं ते हाती घेतलं आणि २ पासून सुरू होणाऱ्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. म्हणून १.७.१३ ही जुनी आवृत्ती कुठं दिसली तर ती घेऊ नका. दिसायला हा प्लेअर वीस वर्षांपूर्वीच्या विंडोजसारखा आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, सगळी बटणं जागच्या जागी सापडतात.

चित्राचा दर्जा हाच ज्यांचा आग्रह आहे त्यांनी एमपीव्ही वापरून पाहावा. रंग, एचडीआरचं साध्या पडद्यासाठी रूपांतर, नेमक्या क्षणावर उडी, या तिन्ही बाबतींत मोफत प्लेअरमध्ये तो आमच्या मते सर्वांत पुढे आहे. पण त्यात मेनूची सोय फारशी नाही. बहुतेक कामं कीबोर्डवरून, आणि सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायच्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी हा नाही. व्हिडिओ चालू असताना आय दाबलं की कोडेक, चिपची मदत आणि गळालेल्या फ्रेम सगळं पडद्यावर येतं, आणि शिफ्ट व क्यू दाबून बंद केला की पुढच्या वेळी थांबलात तिथूनच सुरू होतो. नव्या आवृत्त्यांना निदान विंडोज १० लागतं. मॅकवर हेच इंजिन आयना या देखण्या प्लेअरच्या आत आहे, आणि मॅकचा स्वतःचा क्विकटाइम एमकेव्ही उघडत नसल्यानं तिथं आयना किंवा व्हीएलसी यांपैकी एक लागतोच. लिनक्सवर सेल्युलॉइड हा एमपीव्हीचाच सोपा अवतार आहे.

पॉटप्लेअरचं नाव बरेच जण सुचवतात. सोयी भरपूर आहेत, पण तो फक्त विंडोजसाठी आहे आणि त्याचा कोड खुला नाही. वरचे तीन हाताशी असताना त्याची गरज क्वचितच पडते. विंडोजबरोबर येणारा मीडिया प्लेअर फोनवरच्या साध्या व्हिडिओंना पुरेसा आहे; एचईव्हीसीची फाइल लावली की मात्र तो अनेकदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं विस्तारक मागतो, आणि ते विकत घ्यावं लागतं. व्हीएलसी तीच फाइल फुकटात लावतो.

आणि कोडेक पॅक, म्हणजे विंडोजमध्ये बाहेरून घालायचा कोडेकचा गठ्ठा? व्हीएलसी किंवा एमपीव्ही वापरणार असाल तर त्याला हात लावू नका. हे दोन्ही आपापले डिकोडर आत बाळगतात. बाहेरून घातलेल्या पॅकचा त्यांना काडीचा उपयोग नाही, आणि दोन-तीन पॅक एकमेकांवर चढले की विंडोजचे बाकीचे प्रोग्रॅम अडू लागतात.

उतरवून घेताना

शोधयंत्रात नाव टाकलं की वर ‘जाहिरात’ असं लिहिलेले दुवे येतात. त्यांवर जाऊ नका. व्हीएलसी व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग इथूनच घ्या किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. २०२२ मध्ये भारतात अनेक महिने हे संकेतस्थळ बंद केलेलं होतं, ती बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरात उठली. त्या काळात भलत्याच ठिकाणांहून घेतलेली फाइल अजून तुमच्याकडे असेल तर ती काढून टाका आणि मूळ जागेवरून नवी घ्या.

विंडोजसाठीची फाइल सुमारे ४० ते ४५ एमबीची असते. उघडण्याआधी तिच्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा. तिथं व्हिडिओलॅनचं नाव हवं. नाव नसेल किंवा ते पानच नसेल तर फाइल डिलीट करा. इन्स्टॉल करताना प्लेअरसोबत ब्राउझर, अँटिव्हायरस किंवा ‘पीसी क्लीनर’ घालू का असं विचारलं गेलं, तर तुम्ही चुकीच्या फाइलवर आहात. तिथंच थांबा.

मराठी सबटायटल्सची परीक्षा

इंग्रजी पानांवरच्या तुलना ज्याकडे बघतच नाहीत ती ही गोष्ट. देवनागरीत अक्षरं एकामागोमाग नुसती ठेवून भागत नाही, ती जोडावी लागतात, आणि हे जोडण्याचं काम प्लेअरमधला वेगळा भाग करतो. जुन्या प्लेअरमध्ये तो भाग नसतो.

पाच मिनिटांत परीक्षा घेता येते. नोटपॅडमध्ये नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीवर १ हा आकडा. दुसऱ्या ओळीवर सुरुवातीची वेळ, मग बाण, मग शेवटची वेळ: तास, मिनिटं, सेकंद यांच्यामध्ये विसर्गचिन्ह नव्हे तर कीबोर्डवरचं इंग्रजी कोलन, सेकंदांनंतर स्वल्पविराम आणि तीन आकडी मिलिसेकंद. बाण म्हणजे दोन वजाच्या खुणा आणि एक ‘पेक्षा मोठे’ची खूण, दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा. हे सगळे आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून देवनागरी आकडे टाकले की प्लेअरला वेळ कळत नाही आणि सबटायटल्स उमटतच नाहीत. ही चूक फार होते. तिसऱ्या ओळीवर हे शब्द लिहा: स्थिती, किल्ल्यावर, सूर्य, तऱ्हा, दृष्टी, ज्ञानेश्वर.

आता ‘सेव्ह अ‍ॅज’. ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नावाच्या शेवटी नकळत टीएक्सटी चिकटतं. ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ हवंच. तिथं एएनएसआय राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. फाइलला व्हिडिओचंच नाव द्या, शेवट एसआरटी करा आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. प्लेअर ती आपोआप उचलतो.

पडद्यावर काय बघायचं? ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘स्थ’ या पूर्ण जोडाक्षराच्या आधी बसलेली हवी, ‘स्’ आणि ‘थ’ यांच्यामध्ये अडकलेली नको. ‘सूर्य’चा रफार ‘य’च्या डोक्यावर हवा. ‘तऱ्हा’तला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसायला हवा, ‘तर्हा’ असा रफार दिसला तर चूक टंकनात आहे. शब्दाशब्दांत मोकळे पाय मोडलेले दिसत असतील तर प्लेअरला अक्षरं जोडता येत नाहीत, तो सोडून द्या. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर मात्र प्लेअर ठीक आहे, फॉन्ट चुकलाय. व्हीएलसीमध्ये ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘सबटायटल्स/ओएसडी’ पानावर फॉन्ट निर्मला यूआय करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. निर्मला यूआय विंडोज ८ पासून प्रत्येक विंडोजमध्ये असतो. मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. मुंबईच्या एक टाइपचा मोफत ‘मुक्ता’ हाही पडद्यावर छान वाचता येतो.

फाइलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसत असेल तर ती युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. प्लेअर बदलून काहीच होणार नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल.

सबटायटल्स संवादाच्या मागे पडत असतील तर व्हीएलसीत जी दाबा, आधीच येत असतील तर एच. एका दाबात ५० मिलिसेकंद सरकतात, म्हणजे एका सेकंदाला वीस दाब. फरक मोठा असेल तर ‘टूल्स’मधलं ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’ उघडून सेकंदांचा आकडा थेट भरा. सुरुवातीला जुळतात पण पुढे पुढे घसरत जातात, असं असेल तर दोष सरकण्याचा नाही. फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनलेली आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा, किंवा उलट. तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. तुमच्या प्रतीची सबटायटल्स शोधणं हाच सरळ मार्ग.

आवाज

संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी सुरू झाली की कानठळ्या, ही तक्रार ५.१ आवाजाच्या फाइलमध्ये येते. संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात आणि लॅपटॉपला तो स्पीकरच नसतो, सहा वाहिन्या दोनांत कोंबल्या जातात. आवाज १०० टक्क्यांच्या वर नेला तर तो फाटतो. त्याऐवजी व्हीएलसीत कंट्रोल व ई दाबून ‘ऑडिओ इफेक्ट्स’मधलं ‘कॉम्प्रेसर’ चालू करा. मोठे आवाज दबतात, मग एकूण पातळी थोडी वर घ्या. फाइलमध्ये साधा स्टीरिओ ट्रॅकही असेल तर बी दाबून त्यावर जा.

ब्लूटूथ हेडफोनवर ओठ आधी आणि आवाज नंतर असं होतं, कारण आवाज हवेतून पाठवण्याआधी पुन्हा आवळला जातो. व्हीएलसीत जे दाबत राहा, आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे येत जातो. के त्याच्या उलट.

पेनड्राइव्हवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून लावलेला व्हिडिओ ठराविक वेळानं गचके खात असेल आणि सीपीयू मात्र शांत असेल, तर फाइल वेळेत पोहोचत नाहीये. आधी ती हार्ड डिस्कवर कॉपी करून लावून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही, किंवा कॉपी करणं शक्य नसेल, तर व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’च्या खालच्या कोपऱ्यात ‘ऑल’ निवडा, ‘इनपुट/कोडेक्स’मध्ये ‘फाइल कॅशिंग’ आणि ‘नेटवर्क कॅशिंग’ ३००० मिलिसेकंद करा.

घरातल्या जुन्या डिस्क

लग्नाच्या आणि मुंजीच्या व्हीसीडी अजून कपाटात असतात. विंडोज त्या नीट लावत नाही, व्हीएलसी लावतो. डिस्कवरचं एमपीईजीएव्ही फोल्डर उघडा आणि त्यातली डीएटी फाइल व्हीएलसीवर ओढून टाका. डीव्हीडी असेल तर सुटी व्हीओबी फाइल उघडू नका. ती साधारण एक जीबीला तुटलेली असते आणि कार्यक्रम मध्येच थांबतो. कंट्रोल व एफ दाबून संपूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडा, मग मेनूसकट चालते. डीव्हीडीत हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर डी दाबा, डीइंटरलेस सुरू होऊन त्या जातात.

डिस्क वाचली जातेय तोवर तिची सगळी फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. कॉपी मध्येच अडली तर डिस्क मऊ सुती फडक्यानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एक ड्राइव्ह नाकारतो ती डिस्क दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं. तरीही कॉपी होत नसेल तर व्हीएलसीत कंट्रोल व आर दाबा, ‘डिस्क’च्या पानावर व्हीसीडी किंवा डीव्हीडी निवडा, पुढे एच.२६४ आणि एमपी४ चा पर्याय घ्या, फाइलला नाव द्या आणि सुरू करा. ओरखडा असेल तिथं चित्र थोडं तुटेल, पण बाकीचा कार्यक्रम हाती लागतो.